तळाला बसलेलं खत

ताईच्या मनात पाल चुकचुकली ती धाकटीनं दार लोटून घेतलं तेव्हा. कडी लावली नव्हती हो, नुसतं लोटलं. पण ज्या घरात न्हाणीघराखेरीज कुठलं दार लागत नाही, तिथं लोटलेलं दारही डोळ्यांत खुपतं. आत धाकटी आणि तिचा नवरा, बाहेर ताई. कुठंतरी पाणी मुरत होतं.

पाण्याला त्या घरात तोटा नव्हताच. मागच्या लांबट खोलीत हे तिघं मातीशिवाय सॅलडची पानं पिकवत. पांढऱ्या पाइपांना भोकं, भोकांत रोपं आणि मुळांखालून वाहणारं खताचं पाणी. टाकी होती स्वयंपाकघराला लागून. रोज सकाळी धाकटी मोजून खताची पूड त्यात टाके. टाकीला पंप दोन. एक पाणी रोपांकडे चढवणारा, दुसरा नुसता टाकीतल्या टाकीत ढवळत राहणारा. या दुसऱ्याची घरघर दिवसभर चाले. काम दिसत नाही आणि आवाज केवढा, अगदी जावईबापूंसारखा, असं ताई म्हणे. नात्यानं तो मेहुणा, पण आईमागं धाकटीला ताईनंच लहानाचं मोठं केलेलं, म्हणून तिच्या तोंडी तो जावईबापूच.

भिंतीला कान असतात म्हणतात, पण तो पंप चालू असला की भिंतही ठार बहिरी. त्याचं बटण होतं गॅसच्या ओट्यापाशी. ताईनं ते दाबलं. रोपांना पाणी देणारा पंप तर चालूच होता, मग बिघडलं कुठं?

घरघर थांबली आणि धाकटीचा आवाज आला. "ताईला यातलं काही कळता कामा नये."

"किती दिवस लपवशील?" जावईबापू म्हणाले. "आज ना उद्या तिला न्यावंच लागणार. तिथली माणसं फार मायेनं वागतात म्हणे."

कुठं न्यायचं, ते तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. जिच्या वेण्या घालता घालता स्वतःचं लग्न राहून गेलं, ती पोरगी आता म्हातारीला मायेच्या माणसांकडे पोचवायला निघाली होती! रडू येत होतं, पण रडायला ताईला सवड नव्हती. तिला अजून ऐकायचं होतं.

मग हा नेमच झाला. दार लोटलं की बटण बंद. पुन्हा चालू करायचं ती ठरवी, पण तेवढ्यात दूध उतू जाई, नाहीतर दारावर कुणीतरी येई, आणि पंप तसाच गप्प राही.

इकडे पानांच्या कडा करपायला लागल्या. धाकटी पाण्यात खत किती ते मोजायचं मीटर बुडवून बघे. टाकीत वरवर पाणी अगदी फिकं, आणि रोपांकडे जाणारं नको तितकं कडक. ती डोकं धरून बसे. ताईला मात्र सगळा उलगडा झाला होता. जावईबापूच टाकीत काहीतरी कालवतात! पीक गेलं की खोली बंद, खोली बंद की ताईची गरज संपली.

एका सकाळी मुद्देमालच पकडायचा म्हणून तिनं बाही सरसावली आणि टाकीच्या तळापर्यंत हात घातला. मूठभर पांढरा गाळ हाताला लागला. निथळता हात घेऊन ती तडक आत शिरली.

"बघ, बघ तुझ्या नवऱ्याचे उद्योग!"

धाकटीनं मूठ उघडून पाहिली. "अगं, हे आपलंच खत आहे. ढवळणं थांबलं की तळाला बसतं आणि तळातूनच रोपांकडे चढतं."

"मग थांबवतं कोण?"

धाकटीनं टॉवेल घेतला आणि लहान मुलाचा पुसावा तसा ताईचा हात पुसायला लागली.

"तूच गं," ती हळूच म्हणाली. "ओट्यापाशी असतेस तेव्हा बटण बंद करतेस आणि विसरतेस. आम्ही कितीदा येऊन चालू केलंय. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. वयानं होतं असं. तुझं दूध उतू जायला लागलं तेव्हापासूनच आम्ही डॉक्टरांचं बोलतोय, तिथली माणसं मायेनं वागतात; एकदा दाखवू, बस. पानं काय, पुन्हा येतील."

ताईचा जीव भांड्यात पडला. तिला कुणी कुठं टाकणार नव्हतं. आता नुसती मान हलवायची होती, बाकी सगळं धाकटीनं पोटात घातलंच होतं. पण तो समजावणीचा सूर! ज्या पोरीला तिनं पाढे शिकवले, तीच आज तिला वेडी ठरवत होती. ते काही तिला सोसवेना.

"मी काही विसरत नाही," ताई ठसक्यात म्हणाली. "डोकं शाबूत आहे माझं. मुद्दाम बंद करत होते. तुम्ही माझ्यामागं काय बोलता ते ऐकायला."

धाकटीचा हात थांबला. तिनं टॉवेल बाजूला ठेवला.

"विसरली असतीस तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली.