गुडघ्याच्या वर गेलेला उजेड

मी मोटारीचा पिवळा दिवा बोलतोय. धुक्यात लावतात ना, बंपरपाशी बसवलेला, तो. सध्या मद्रासच्या पुदुपेटमध्ये, जुने सुटे भाग विकणाऱ्या दुकानात एका फळीवर पडलोय. एका बाजूला गंजलेला भोंगा, दुसऱ्या बाजूला एक मुका पंप. गिऱ्हाईक आलं की दुकानदार मला फडक्यानं पुसतो आणि म्हणतो, "फर्स्ट क्लास माल, सार." गिऱ्हाईक माझ्या काचेवरचा काळा ठिपका बघतं आणि मला परत ठेवून देतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. ज्याची लाज वाटते ती गोष्ट आठ वर्षांपूर्वीची आहे आणि आज ती सांगून टाकायची म्हणतोय.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते कुन्नूर. तिथं चहामळ्यातल्या एका साहेबाच्या मोटारीवर मी पहिली सात वर्षं काढली. डोंगरातलं धुकं असं की मोटारीला आपलंच नाक दिसू नये. अशा वेळी मोठे दिवे लावले तर उजेड धुक्यावर आपटून उलटा ड्रायव्हरच्या डोळ्यांत येतो. म्हणून मी. मी धुक्याच्या खालून, जमिनीला धरून चालायचो.

ड्रायव्हर सुब्बा मोठा शिस्तीचा माणूस. दर महिन्याला तो मोटार गॅरेजच्या भिंतीसमोर उभी करायचा, भिंतीपाशी जाऊन स्वतःच्या गुडघ्याइतक्या उंचीवर खडूची रेघ मारायचा आणि मला लावून बघायचा. उजेड रेघेच्या खाली राहिला पाहिजे. जरा वर गेला की पाना घेऊन माझी मान वाकवायचा आणि म्हणायचा, "गुडघ्याच्या वर नको." इतक्या वेळा ऐकलं की मला त्याचा कंटाळा यायचा. सात वर्षं मी रस्ता, शेण, खड्डे आणि माणसांची पावलं यापलीकडे काही पाहिलं नाही.

साहेब मायदेशी गेला आणि मोटार मद्रासला आली. घेतली नुंगंबाक्कमच्या शेषगिरीरावांनी. हायकोर्टातले वकील, तंजावरहून आलेलं जुनं मराठी घर. घरात मराठी, कोर्टात इंग्रजी आणि रागावले की तमिळ. मद्रासला धुकं कुठलं? पण आलेल्या पाहुण्याला शेषगिरीराव आधी मला दाखवायचे. "हा कुन्नूरचा," असं म्हणायचे, जसा काही मी त्यांच्या सासुरवाडीचा माणूस. आयुधपूजेला त्यांची आई अन्नपूर्णाबाई माझ्या काचेला गंध-कुंकू लावायची. काम काही नाही आणि कौतुक भरपूर. असं फार दिवस चाललं की कुणाचंही डोकं फिरतं. माझंही फिरलं.

काम निघालं ते अठ्ठावन्न सालच्या धनुर्मासात. अन्नपूर्णाबाईंनी महिनाभर रोज पहाटे तिरुवल्लिकेणीच्या देवळात जायचं ठरवलं. त्या दिवसांत समुद्राकडून दव येतं, घरोघरचा बंबाचा धूर त्यात मिसळतो आणि गल्ल्यांमध्ये पातळसा पडदा धरतो. शेषगिरीराव खूष झाले. गल्लीत शिरताना मोठे दिवे बंद करून ते फक्त मला लावायचे.

या महिन्यात तिथल्या बायका अंधारातच उठून दारापुढं सडा घालतात आणि रस्त्यावर बसून तांदळाच्या पिठाचे मोठे मोठे कोलम, म्हणजे आपल्या रांगोळ्याच, काढतात. मी खाली बघणारा, त्यामुळे माझा सगळा उजेड त्यांच्या पाठीवर आणि खोचलेल्या लुगड्यांवर पडायचा. त्या दचकून पदर सारखा करायच्या. एका पहाटे अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "शेषू, बायका बसूनशनी कोलम घालतात. त्यांच्या आंगावर ऐसा उजेड टाकणें बरें दिसतें काय? दिवा थोडा वर कर की."

"होय, अम्मा. मलाही तैसेंच वाटलें," शेषगिरीराव म्हणाले. देवळापाशी उतरून त्यांनी पाना काढला, नट सैल केला आणि माझी मान वर उचलली. बसलेल्या बायकांच्या डोक्यावरून उजेड जाईल इतकी. मनात पाप नव्हतं हो, उलट परक्या बायकांची अब्रू राखायची होती. समोरून कुणी उभा माणूस येईल, त्याला डोळे असतील, हे ना त्यांना सुचलं ना आईला.

मला सुचायला हवं होतं. सुब्बाची रेघ मला पाठ होती. पण खरं सांगतो, मला आवडलं. पहिल्यांदाच मला देवळाचं गोपूर दिसलं, माड्यांच्या खिडक्या दिसल्या, माणसांचे चेहरे दिसले. येणारे जाणारे माझ्यापुढं डोळे मिटून बाजूला व्हायचे आणि मला वाटायचं, मान देतायत.

तिसऱ्या पहाटे समोरून वादिराज आला. गल्लीच्या तोंडाशी मॅन्शन होती, म्हणजे एकट्या नोकरदार पुरुषांना खोल्या भाड्यानं देणारी माडी, तिथं तो खोली घेऊन राहायचा. तांबरमच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर, लवकरची गाडी पकडायला रोज सायकलवरून निघायचा. मी त्याच्या तोंडावर सरळ पडलो. त्यानं एक हात डोळ्यांपुढं धरला, सायकल कडेला गेली आणि तिथं पाठमोरी बसलेली कनका, त्या घरची सून, तिच्या उजव्या मनगटावरून पुढचं चाक गेलं. पिठाचा डबा गडगडत माझ्यापर्यंत आला.

क्षणात गल्ली गोळा झाली. शेजारच्या दोन घरांमधल्या दोन बायका एकदमच बोलल्या आणि दोघीही एकच बोलल्या: मॅन्शनमधला एकटा मुलगा, पहाटे बायका वाकलेल्या असतात त्या बघत सायकल चालवतो, म्हणून झालं हे. एकदा असं बोललं गेलं की दुसरं काही खरं वाटतच नाही.

वादिराज पडल्या जागेवरून उठला. आई-लेकाचं मराठी त्याच्या कानावर पडलं होतं. तोही तंजावरकडचाच, कुंभकोणमचा, घरी तीच भाषा. मोठ्या आशेनं तो शेषगिरीरावांकडे वळला. "सार, मला काहीच दिसलें नाही. डोळ्यांत उजेड गेला."

शेषगिरीरावांनी त्याला तमिळमध्ये उत्तर दिलं, सगळ्यांना कळेल असं. "डोळे रस्त्यावर ठेवले असते तर दिसलं असतं." मग कनकाला आणि तिच्या सासूला मोटारीत घेऊन ते इस्पितळाकडे निघाले. मागं लोक म्हणत होते, केवढा भला माणूस. मी तेव्हाही लागलेलोच होतो. माझ्या उजेडात सगळ्या गल्लीनं वादिराजला पाहिलं, आणि त्याला एकट्याला काही दिसलं नव्हतं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज पहाटे आम्ही त्याच गल्लीतून जायचो. कनकाच्या उजव्या हाताला प्लॅस्टर होतं. ती डाव्या हातानं कोलम काढायची, रेघा वाकड्या जायच्या, पुसून परत काढायची. वादिराज आता सायकल हातात धरून चालत जायचा. तो दिसला की बायका उठून आत जायच्या आणि दारं लोटायच्या. मॅन्शनचे मालक अनंतकृष्ण यांनी त्याला भोगीपर्यंत खोली सोडायला सांगितली होती. कुटुंबांची गल्ली आहे, लोक काय म्हणतील, असं ते रस्त्यातच कुणाला सांगत होते. मला ओरडावंसं वाटायचं, पण दिव्याला तोंड असून नसल्यासारखं. दुसरं काय करणार? एकदा वाटलं, आतली तार तुटून विझून जावं. तेही जमलं नाही. उलट जरा जास्तच लखलखीत लागलो असेन.

भोगीच्या आदल्या पहाटे शेषगिरीरावांना सर्दी झाली होती. ते मोटारीतच बसून राहिले आणि आईला परतताना दिसावं म्हणून त्यांनी मला लावून ठेवलं. अन्नपूर्णाबाई प्रसादाच्या पोंगलचं, म्हणजे मूगखिचडीचं, पितळी भांडं घेऊन देवळातून बाहेर आल्या. मोटारीपासून दहा पावलांवर आल्या आणि थांबल्या. "शेषू, कोठें आहेस रे? मला काही दिसेना," म्हणाल्या. पुढचं पाऊल पायरीवरून घसरलं आणि भांडं हातातून सुटलं. पडल्या नाहीत, खांबाला धरलं. गरम पोंगल सगळं पायावर सांडलं होतं. शेषगिरीराव धावले. त्यांनी पाय झटकला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"तो सायकलवाला खोटें नाही बोलला रे," त्या म्हणाल्या.

"अम्मा, तुझे डोळे आधींच अधू. मोतीबिंदू आहे तुला."

"मग तुझे चांगले आहेत ना? ये इथें. उभा राहूनशनी बघ."

शेषगिरीराव येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघितलं. आणि त्यांचा हात आपोआप डोळ्यांपुढं आला, अगदी वादिराजचा आला होता तसा. तो हात बराच वेळ खाली गेला नाही.

परतताना ते म्हणाले, "त्याच्या खोलीवर जाऊन माफी मागतों."

"खोलीवर कां? बोल लागला तो गल्लीत. धुवायचा तोही गल्लीतच," आई म्हणाल्या. वकीलसाहेबांनी एवढ्या जन्मात किती साक्षीदार उलटतपासले असतील, पण घरी त्यांचं काही चालायचं नाही.

दुसऱ्या पहाटे मोटार त्याच जागी उभी राहिली. अन्नपूर्णाबाई उतरल्या आणि सत्तर वर्षांची ती बाई ओल्या रस्त्यावर, कनका बसली होती तिथं, पाठ करून बसली. शेषगिरीरावांनी एकेकाला बोलावून सायकल आली होती त्या बाजूला उभं केलं. आधी अनंतकृष्ण, मग कनकाचे सासरे, मग त्या दोन बायका. मला लावलं आणि विचारलं, "पुढं रस्त्यावर कोण बसलंय, सांगा."

अनंतकृष्ण डोळे चोळत म्हणाले, "कुणी नाही." आणि दोन पावलं पुढं टाकली. तिसऱ्या पावलाला ते अन्नपूर्णाबाईंच्या हातावर पाय देणार होते. कनका किंचाळली. अनंतकृष्ण दचकून मागं सरले. त्या दोघी बायकांनी तर तोंडावर पदरच घेतला.

वादिराज मॅन्शनच्या दारात उभा होता, पायाशी पत्र्याची पेटी. शेषगिरीराव आधी तमिळमध्ये सगळ्यांना म्हणाले, "दिवा मी वर केला होता. अपघात माझ्यामुळं झाला. या मास्तरांनी त्या दिवशी खरं सांगितलं होतं." मग त्याच्याकडे वळले आणि मराठीत बोलले. आवाज कोर्टातला नव्हता. "तुम्ही आपल्या भाषेंत बोललात, आणि मी ऐकूनशनी ऐकलें नाही. मला क्षमा करा."

अनंतकृष्ण घाईघाईनं म्हणाले, "खोली तुमचीच आहे, सार. पेटी वर न्या."

वादिराजनं मान हलवली. "नको. अठरा दिवस मी आलो की दारें लागत होती. आतां उघडी राहतील, पण मला मान वर करूनशनी इथें चालतां येणार नाही." मग त्यानं शेषगिरीरावांकडे पाना मागितला. माझ्यापुढं एक गुडघा टेकून बसला. दुसऱ्या उभ्या गुडघ्यापाशी आडवा हात धरला, माझा नट सैल केला आणि माझी मान हळूहळू खाली वाकवत नेली. "गुडघ्याच्या वर नको," तो स्वतःशीच म्हणाला. सुब्बाला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. मला तेव्हा जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून मोटारींच्या मोठ्या दिव्यांना मधोमध काळा ठिपका देतात, तसा इथंही द्या, असंही तो म्हणाला. तेव्हा कनका आत गेली, चुलीची काजळी तेलात कालवून आणली आणि डाव्या हाताच्या बोटानं माझ्या काचेवर ठिपका ठेवला. मला वाटलं होतं, ही माझं अख्खं तोंड काळं करील. केलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं कोलमचा पहिला ठिपका ठेवावा तसा जपून ठेवला. डावा हात, त्यामुळे जरा बाजूला पडला. पुढं शेषगिरीरावांनी त्याच जागी पक्का काळा रंग दिला. मधोमध घे म्हणून रंगाऱ्यानं सांगितलं, तर ऐकलं नाही.

वादिराज त्याच सकाळी गेला. मनगट जुळून आल्यावर कनका उजव्या हातानं कोलम काढायला लागली. अन्नपूर्णाबाई होत्या तोवर आम्ही दर धनुर्मासात त्या गल्लीत जायचो. मॅन्शनपाशी आलं की शेषगिरीराव मोटार अगदी हळू करायचे आणि माडीवरच्या एका खिडकीकडे बघायचे. गेल्या वर्षी मोटार मोडीत निघाली आणि मी या फळीवर आलो.

तर, मला घेणार असाल तर एक विनवणी आहे. ठिपका पुसू नका. बसवून झालं की मला लावा, मोटारीतून उतरा आणि दहा पावलांवर समोर जाऊन उभे राहा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. इतर कुणाला त्रास होईल की नाही हे मोटारीत बसून कळत नाही, मी सांगतो.

आणि तांबरमकडे कधी वादिराज मास्तर भेटले तर त्यांना माझा एक निरोप द्या. मला मोटारीवरून काढताना नट सुटला नाही, गंजून घट्ट बसलाय, म्हणून ब्रॅकेटसकट कापून काढलंय. त्यांनी वाकवलेली मान अजून तशीच आहे. इथं फळीवरसुद्धा मी खालीच बघतोय.