बारकी जांभळं

माझा भाचा उन्मेष इंजिनियर. चाळिशीत त्याने अंबरनाथच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडली आणि बदलापूरच्या पुढे एका पाड्याजवळ जांभळाची वाइन करायला घेतली. घरच्यांनी कपाळाला हात लावला. मी तेवढी त्याच्या बाजूने उभी राहिले, कारण बाटली फुकट मिळणार होती. यंदा त्याने ती वसूल केली. म्हणाला, वृंदामावशी, तू शाळेत मराठी शिकवलंस, आता वाइनरीच्या भिंतीवर लावायला या पाड्याची ओळख लिहून दे. त्यात शतकांची परंपरा वगैरे आली पाहिजे.

परंपरा कसली डोंबलाची! साठ घरांचा पाडा. निम्मी माणसं एमआयडीसीत शिफ्टला जातात, उरलेली भात लावतात, आणि मे-जून आला की सगळी जांभळाच्या झाडांवर असतात. वाइन इथे येऊन तीन वर्षं झाली आणि पाड्यावर ती कुणी पीत नाही. बऱ्याच जणांच्या गळ्यात माळ आहे, आणि ज्यांच्या नाही त्यांना ती खोकल्याच्या औषधासारखी लागते. जांभूळ मात्र सगळे खातात. मी ज्यांच्याशी बोलले त्या प्रत्येकाची जीभ जांभळी होती.

उन्मेषला फळ पुरवणारे महिपती पासष्टीचे, ताठ कण्याचे. घरच्या अंगणात बसून एकेक जांभूळ ते हातात घेऊन बघायचे. टपोरं क्रेटमध्ये जायचं, बारकं आणि तुरट घरच्यांसाठी टोपलीत. उल्हासनगरात कॅम्प पाचचे व्यापारी त्यांची पाटी तळापर्यंत तपासत नाहीत, असं त्यांनी मला तासाभरात तीनदा ऐकवलं. वरचा माल तोच खालचा माल, ही त्यांची चाळीस वर्षांची ख्याती. माझ्या वहीत हे सगळं गेलं. त्यांच्या बायको बनूबाई चहा ठेवून गेल्या, त्या दारातच उभ्या राहिल्या.

दुपारी उन्मेष आला तो तोंड पाडूनच. बराच वेळ घुटमळला आणि मग सांगून टाकलं, की यंदापासून फळ दुसरीकडून आणणार. पहिल्या वर्षीच्या वाइनसाठी मुंबईहून माणसं दोन-दोनदा आली होती. पुढची दोन वर्षं मात्र नुसतं सरबत. यीस्ट बदललं, पाणी बदललं, टाकी बदलली. बदलायचं फळच उरलं होतं.

महिपतींनी हातातलं जांभूळ खाली ठेवलं. सून तेजल निवडायची थांबली. महिपतींची चाळीस झाडांची जमीन बिल्डरला द्यायला त्यांचा मुलगा अक्षय केव्हाचा तयार बसला होता. वाइनरीचं नाव सांगूनच महिपतींनी त्याला थोपवून धरलं होतं. वाइनरी गेली की झाडं गेली, हे त्या अंगणात सगळ्यांना कळत होतं.

पहिल्या सालची वाइन कशी लागायची, असं बनूबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं, जिभेला ओढ बसायची. तुरट होती, घोट गेला तरी तोंडात राहायची. बनूबाई पायरीवर बसल्या आणि कितीतरी वेळ पदराला हात पुसत राहिल्या.

"पयल्या साली क्रेट मी भरले," त्या म्हणाल्या. "हे तापानं पडलेले. वाऱ्यानं चांगला माल झडला, नि अक्षय बारा क्रेट सांगून बसलेला. मंग मी खाली बारकी घातली आनि वर टपोरी."

उन्मेष उठून उभाच राहिला. किती घातली, किती, असं तो विचारत सुटला. अर्ध्याला थोडी कमी, त्या म्हणाल्या. त्यावर तो मोठ्याने हसला, आणि यंदा तश्शीच भरा, फळ तुमचंच घेतो, असं सांगून गाडीकडे पळाला. मला त्याचा सणकून राग आला. बाईने चारचौघांत नवऱ्याची ख्याती मोडून झाडं वाचवली होती आणि या गाढवाला फक्त वाइन दिसत होती. महिपती उठून घरामागे गेले. ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

दोन दिवसांनी मी मजकूर वाचून दाखवायला गेले. महिपती बायकोशी एक शब्द बोलले नव्हते, असं तेजलने फाटकातच सांगितलं. अंगणात दोघं क्रेटच्या दोन बाजूंना बसून जांभळं भरत होते. मी वाचायला लागले. मास्तरीण असल्यामुळे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं होतं. 'बनूबाईंनी खाली बारकी जांभळं घातली' इथे आले, तेव्हा महिपतींनी हात वर केला.

"बाई, तेवढं 'खाली घातली' काढा. 'मिसळली' लिवा."

बनूबाईंचा हात क्रेटमध्येच थांबला. "पन ते खोटं हाय," त्या म्हणाल्या.

"आसू दे," महिपती म्हणाले, आणि बारक्या जांभळांची टोपली बायकोकडे सरकवली.