पात्यावरची रेघ

“ताई, काजळी आहे ती,” मॅनेजर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. “दुसरं काही नाही.”

विमानाच्या इंजिनाच्या पोटात सोडलेला नळीसारखा कॅमेरा ताईनं पुन्हा जरासा फिरवला. टर्बाइनचं एक पातं. त्याच्या बुडाशी केसाएवढी रेघ. काजळी असेल, तडाही असेल. खात्री करायची तर इंजिन उघडावं लागणार.

या बनावटीची पाती सदोष निघाली होती. सगळी बदलायचीच, असा सक्तीचा आदेश होता. नवी पाती बसेपर्यंत दर उड्डाणाआधी तपासणी करायची आणि नुसती शंका आली तरी विमान जागचं हलवायचं नाही. उड्डाणाच्या परवानगीवर सही ताईची.

फोन थरथरला. धाकटा भाऊ. आजारी आईकडे जायला याच विमानासाठी पलीकडे प्रवाशांच्या दालनात बसला होता.

“ताई, अगं कसला उशीर? डॉक्टर म्हणतायत, आई दुपारपर्यंत काढेल की नाही, सांगता येत नाही. सारखी माझं नाव घेतेय.”

“काम चाललंय रे.”

“तू आहेस ना तिथं? मग सोड की लवकर!”

तिनं फोन ठेवला. मॅनेजरांनी ऐकलंच होतं.

“स्वतःचा भाऊ तिकडे बसलाय. कशाला जिवाला घोर लावून घेता? मी सांगतो ना, काजळीच आहे.”

“मग तुम्ही करता सही?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

“नाही,” ते हळूच म्हणाले.

“मग मी तरी कशी करू?”

विमान रद्द झालं. संध्याकाळच्या विमानानं दोघं बहीणभाऊ शेजारी शेजारी बसून गेले. आई दुपारीच गेली होती.

आठवड्याभरानं ते आईची खोली आवरत होते. ताईला इंजिनदुरुस्तीच्या कारखान्यातून फोन आला. ती खिडकीशी जाऊन बोलली आणि परत आली.

“इंजिन उघडलं?” भावानं विचारलं.

“हो.”

“तडा होता?”

खोटं बोलणं अवघड नव्हतं. एका ‘हो’नं दोघांच्याही छातीवरचा धोंडा उतरला असता.

“नव्हता. काजळी होती.”

तो खाटेवर बसला. त्याचा चेहरा तिला बघवेना.

“उद्या परत तशीच रेघ दिसली तर?”

“परत थांबवीन.”

“आत मी असलो तरी?”

“तू असलास तरी. कोणीही असलं तरी.”

भाऊ उठला. खाटेवरची आईची चादर ओढून त्यानं झटकली आणि दोन टोकं ताईपुढे धरली. तिनं ती घेतली. चादर ताणून धरत दोघं एकेक घडी घालत जवळ आले.