उणे अठरा

‘‘‘निष्काळजीपणा’ हा शब्द कुणी घातला?’’ काकांनी कागद टेबलावर ठेवत विचारले.

चौकशी समितीचे तिघे एकमेकांकडे बघू लागले. अध्यक्षांनी चष्मा पुसायला घेतला. ‘‘शब्दावर काय जाता हो? अशी पद्धत असते लिहायची.’’

‘‘पद्धतच असेल, तर तुमचं नाव घाला तिथे.’’

काकांना बाहेर पाठवण्यात आले. फोटो काढून झालेत, तोवर पिशव्या रिकाम्या करायला घ्या, असेही सांगण्यात आले. या संस्थेत एक पंखा दुरुस्त व्हायला दोन महिने लागतात. पण कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचे म्हटले, की सकाळच्या घटनेची समिती दुपारी बसते.

काका या संशोधन संस्थेच्या शीतगृहाचे मेकॅनिक. सत्तावीस वर्षे झाली, निवृत्तीला चार महिने उरलेले. शीतगृहात चारशे बारा कांड्या होत्या. ध्रुवावरच्या बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या, मनगटाएवढ्या जाड, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद केलेल्या बर्फाच्या कांड्या. त्यांत हजारो वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे अडकलेले असत. ती हवा मोजली की तेव्हाचे हवामान कळते आणि आता बर्फ एवढ्या वेगाने का वितळतोय तेही कळते, असे मॅडम पाहुण्यांना समजावत. मॅडम म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख. निम्म्या कांड्या त्यांनी स्वतः तिकडे जाऊन, थंडीने बोटे काळीनिळी करून घेऊन आणल्या होत्या. काकांना यातले अर्धेमुर्धेच कळे. पण खोली उणे वीसवर राहिली पाहिजे, हे त्यांना पक्के कळत होते.

आणि ‘उणे’ म्हटलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. कुणी ‘काका, वीस आहे ना?’ असे विचारले, की ते जागीच दुरुस्ती करत, ‘‘उणे वीस. नुसतं वीस म्हणजे पंखा लावावा लागेल.’’ त्यामुळे अख्खी संस्था त्यांना उणेकाका म्हणायची. काकांकडे सगळं आहे, फक्त उणं जास्त आहे, असा विनोद कॅन्टीनमध्ये ठरलेला होता. काकाही हसायचे.

दोन वर्षांपूर्वी नोंदवही गेली आणि कॉम्प्युटरवरचा फॉर्म आला. त्या फॉर्मच्या चौकोनात उण्याची खूणच उमटेना. खूण दाबली की लाल अक्षरांत ‘चुकीची नोंद’! काकांनी तीन अर्ज केले. दोन केराच्या टोपलीत गेले, तिसऱ्याला उत्तर आले: ‘शीतगृहात तापमान उणेच असते हे सर्वांना ज्ञात आहे.’ शेवटी त्यांनी मॅडमना गाठले. मॅडम परिषदेला निघाल्या होत्या, एक पाय गाडीत.

‘‘काका, आपल्याला कळतंय ना? मग झालं तर.’’

गेल्या आठवड्यात काकूंच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा काकांनी चार दिवसांची रजा घेतली आणि गेटवरच्या रखवालदाराला दाराबाहेरची तापमानाची तबकडी दाखवली. ‘‘दार उघडायचं नाही. काटा दाखवेल तो आकडा भरायचा, बस.’’

पहिल्या दिवशी वीस. पुढचे दोन दिवस सुट्टीचे, फॉर्म बंद. आतल्या नळ्यांवर साचणारा बर्फ वितळवायला एक हीटर असतो, रोज अर्धा तास चालतो. तो नेमका या सुट्टीत चालू झाला आणि बंदच होईना. काटा शून्यावर आला, शून्य ओलांडून पलीकडे चढत गेला. चौथ्या सकाळी रखवालदाराने प्रामाणिकपणे भरले: अठरा. धोक्याची घंटाही त्याच फॉर्मला जोडलेली. आकडा पंधराच्या खाली उतरला तर वाजायची. अठराला ती बिचारी कशाला वाजेल? मॅडमनी मोबाइलवर अठरा पाहिले, उणेच धरले आणि अंगठा पाठवला. छान!

आज सकाळी काका कामावर आले. दाराची कडी हाताला थंड लागली नाही. दार उघडले, तर आत दमट, कोंदट हवा. फुटलेल्या पिशव्यांचे पाणी बुटांपर्यंत आले. काका उंबऱ्यावर मटकन बसले आणि रडले. आई गेली तेव्हासुद्धा ते इतके रडले नव्हते.

आता दुपारी ते बादली घेऊन एकेक पिशवी कापत होते. पिशवीवरचा क्रमांक वाचायचा, पाणी ओतायचे, रिकामी पिशवी बाजूला ठेवायची. घाई त्यांना करवेना.

मॅडम आल्या. हातात तोच कागद.

‘‘काका, सही करून टाका. तुमचं काय, चार महिन्यांनी घरीच जायचंय. माझ्या हाताखाली बारा विद्यार्थी आहेत. प्रकल्प बंद पडला तर कुठे जातील ती पोरं?’’

कोपऱ्यातल्या थर्माकोलच्या पेटीला अजून कुणी हात लावला नव्हता. काकांनी झाकण काढले. पाण्यात एक तुकडा तरंगत होता. अंगठ्याएवढा.

मॅडम गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी तो तुकडा तळहातावर घेतला. बारीक तडतड ऐकू येऊ लागली. जुना बर्फ वितळताना त्यातले बुडबुडे फुटतात, त्याचा तो आवाज. दोघेही ऐकत राहिले. केव्हाची कुठली हवा, या कोंदट खोलीत कुणी न मोजता निघून चालली होती.

‘‘मॅडम, मी तुम्हाला सांगितलं होतं का नाही?’’ काकांनी हळूच विचारले. ‘‘कागदावर नको. तोंडी सांगा.’’

मॅडमनी दाराकडे पाहिले. बाहेर कुणी नव्हते.

‘‘सांगितलं होतंत.’’

सकाळपासून काकांना एवढेच कुणाकडून तरी ऐकायचे होते. ते पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले.

‘‘पण ते मला तिकडे नाही बोलता येणार, काका.’’

‘‘मग मलाही सही नाही करता येणार.’’

‘‘ते तसंच लिहितील. सही करायला नकार दिला म्हणून.’’

‘‘लिहू देत. तेवढं तरी खरं असेल त्यात.’’

तडतड थांबली होती. मॅडमच्या तळहातावर चमचाभर पाणी उरले. ते कुठे ठेवावे, त्यांना कळेना. काकांनी पायाने बादली त्यांच्याकडे सरकवली. मॅडमनी हात उपडा केला, क्षणभर तसाच धरून ठेवला, मग कोटाला पुसला आणि कागद घेऊन निघून गेल्या.

काकांनी पुढची पिशवी उचलली, डोळ्यांजवळ धरून क्रमांक वाचला. अजून एकशे नव्वद राहिल्या होत्या.