नायकाच्या पाठीवर किती?

माणसाच्या पाठीवर किती वजन द्यावं, हे ठरवायचा उपासनाला पगार मिळायचा. बेळगावातल्या एका छोट्या कंपनीत ती मोबाईलवरचा गेम बनवत होती. राक्षस, जादूगार, मंतरलेल्या मुळ्या असला सगळा थाट, आणि त्यातला नायक वाटेत सापडेल ते झोळीत टाकत डोंगर चढायचा. त्या झोळीत किती मावावं, किती वजनाला नायकाची चाल मंदावावी, एवढंच तिचं काम. ऐकणाऱ्याला पोरखेळ वाटेल. पण या पोरखेळावर तीन वर्षं पाच माणसं जगत होती, आणि त्यातली एक ती होती.

गेम अडला होता तिसऱ्या खिंडीत. खेळून बघायला बोलावलेली माणसं तिथवर हौसेनं यायची आणि तिथंच कंटाळून सोडून द्यायची. उपासनानं लिमिट चाळीस ठेवलं, साठ केलं, नव्वद केलं. काय उपयोग? नव्वद दिलं की लोक नव्वद भरत. फुटकी ढाल, वाळकी मुळी, तिसरं शिरस्त्राण, सगळं बरोबर हवं. पुढं लागलं तर? मग नायक गोगलगायीसारखा सरपटे आणि खेळणारा मोबाईल ठेवून चहाला उठे.

"लिमिट भरलं की त्याला जागेवर उभाच कर," कंपनीचा मालक आदर्श सारखा म्हणायचा. "हलताच येईना झालं की टाकतील आपोआप."

उपासना ऐकायची नाही. तिचा नायक हळू व्हायचा, पण थांबायचा कधीच नाही. हे तिनं कुठं वाचलं नव्हतं. तिचे वडील देवाप्पा निपाणीच्या तंबाखू वखारीत सत्तावीस वर्षं हमाल होते, आणि ओझ्याखाली थांबलेले आप्पा तिनं कधी पाहिलेच नव्हते. त्याचा तिला केवढा अभिमान! शाळेत कुणी हमालाची पोर म्हणून हिणवलं तर ती मान वर करून हेच सांगायची.

शेवटी आदर्शनं तोंडावर सांगितलं. पैसे घालणारे बेंगळूरचे लोक दहा जणांना गेम खेळायला देऊन शुक्रवारी आकडे बघणार होते. दहातली निम्मी माणसं खिंडीच्या माथ्यावर पोचली तर ठीक, नाही तर गेम बंद.

बुधवारी ती पिरनवाडीला घरी आली तेव्हा आप्पा भिंतीला टेकून तिचाच गेम खेळत होते. कंबर गेल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता, म्हणून तिनंच तो त्यांच्या मोबाईलवर घालून दिला होता. झोळी गच्च भरली होती आणि नायक मुंगीच्या पावलानं खिंड चढत होता.

"आप्पा, टाका की ती ढाल खाली. पळत जाईल बघा."

"आन् मग?"

"मग काय, लागली तर परत उचलायची."

आप्पा हसले. "परत पाठीवर कोण चढवणार गं? दोघं हात देत्यात तवा पोतं पाठीवर येतंय. मधी टेकलं की संपलं. वाटंत कोण येतंय हात द्याला? आन् जो टेकवतो, त्याला दुसऱ्या दिवशी कोण बोलवत न्हाय."

"गेममध्ये तो एकटाच उचलतो हो."

"आसल," आप्पा म्हणाले आणि नायकाला चालवायला पडद्यावर अंगठा दाबून धरला. "आपण न्हाय टाकत."

उपासना त्यांच्याशेजारी बसली. ज्याला ती लहानपणापासून बळ समजत आली, ते बळ नव्हतंच. ओझं टाकायची मुभा नव्हती, म्हणून माणूस चालत राहिला. आणि तिनं काय केलं? न थांबता चालायची तीच जबरदस्ती मोठ्या अभिमानानं गेममध्ये घातली. तिला स्वतःची लाज वाटली, आप्पांकडं बघवेना.

गुरुवारी सकाळी ती धावत ऑफिसात गेली. नायकाला थांबवूया, म्हणाली, ओझं खाली ठेवू दे त्याला, टेकवलं तरी काही बिघडत नाही असं खेळणाऱ्याला सांगूया. उशीर झाला, आदर्श म्हणाला. गेम कालच बेंगळूरला गेला होता. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय!

शुक्रवारी दुपारी आकडे आले. दहातला एकही माथ्यावर पोचला नव्हता. सगळे झोळी भरून खिंडीत अडकले होते आणि तिथंच सोडून गेले होते. सहा वाजता सगळ्या मोबाईलवरचा गेम बंद होईल, आदर्श म्हणाला, आणि सोमवारपासून कुणी यायची गरज नाही. एवढं बोलून तो बाहेर जाऊन उभा राहिला. तीन वर्षं अशी पाच मिनिटांत आटोपली.

ती घरी पोचली तेव्हा आप्पा अजून खेळतच होते. तीन दिवसांत त्यांनी एक मुळीसुद्धा टाकली नव्हती.

"आलीस? बघ, पोचलोच आता." अंगठा सुजला होता, पण चेहरा उजळला होता. "लई दमवलंस बघ म्हाताऱ्याला."

गेम बंद होतोय, हे सांगायला तिनं तोंड उघडलं.

"एक सांग," आप्पा म्हणाले. "वर वझं उतरून घ्याला कोण हाय न्हवं?"

वर कुणी नव्हतं. माथ्यापलीकडचं गाव तिनं अजून आखलंच नव्हतं, आणि आता कधी आखायचंही नव्हतं.

"हाय, आप्पा," ती म्हणाली. "दोघं हाईत."

"मग झालं," म्हणत आप्पांनी पुन्हा अंगठा दाबला. सहाला वीस मिनिटं कमी होती.