अँब्रोजच्या टोपीची खुंटी

व्हर्नन क्राउसनं आलेल्या मदतीला कधी नाही म्हटल्याचं आमच्या वस्तीत कुणाला आठवत नाही. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. पोरांवर खेकसायचा, पण मोठ्या माणसासमोर तोंडातून नकार निघत नसे. त्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ हेच.

त्याचा सासरा अँब्रोज टेकडीवरच्या घरात एकटाच राहायचा, आणि आता गुडघ्यांना तिथल्या पायऱ्या झेपेनात. शहरातल्या वृद्धाश्रमानं एक खाट धरून ठेवली होती आणि शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. म्हातारा म्हणे, "तिथं चहासुद्धा घड्याळ बघून देतात." म्हणून व्हर्ननच्या तळघरात त्याच्यासाठी खोली चालली होती. वायरिंग व्हर्नन स्वतः करत होता. आमच्याकडे स्वतःच्या घरात तसं करता येतं. परवाना काढायचा, वायरी ओढायच्या, भिंती उघड्या ठेवायच्या. सरकारी तपासनीस बघून पास करतो, मगच भिंत बंद. व्हर्ननचा परवाना तळघराच्या दारावर खिळा ठोकून लावलेला होता. पदवी मिळाल्यासारखा.

सोमवारी तो आणि त्याची बायको लॉर्ना हीटर आणायला शहरात गेले. अँब्रोजला आमच्यावर सोपवून गेले. लाकडी खांबांवर ठोकून भिंत बंद करायच्या जिप्समच्या पाट्या तळघरात रचून ठेवलेल्याच होत्या.

शेजारचा डेल्बर्ट झिंक मला म्हणाला, "वेल्मा, ते यायच्या आत आपण भिंत लावून टाकू. कसला खूश होईल तो!"

आमच्यात मदतीचा हिशोब कुणी लिहीत नाही आणि कुणी विसरतही नाही. हिवाळाभर व्हर्नननं आमच्या सगळ्यांच्या दारातला बर्फ उपसला होता. ते ओझं उतरवायची अशी संधी पुन्हा कधी येणार? डेल्बर्टनं आपलं जाकीट दारावरच्या त्या खिळ्याला अडकवलं, बरोब्बर परवान्यावर, आणि तपासणी झालीय का हे न विचारताच आम्ही कामाला लागलो.

संध्याकाळी व्हर्नन खाली आला. भिंत बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"वा," तो म्हणाला.

आम्हाला वाटलं, गहिवरला. त्यानं आम्हा सगळ्यांना माशांचं चावडर, म्हणजे दाट सूप, वाढलं, पुन्हा वाढलं, आणि स्वतः काही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं भांडं परत आणायच्या निमित्तानं तिथं गेले. तेवढ्यात तपासनीस आली. डार्लीन मोशर, लहानपणी व्हर्ननच्याच बसमधून जायची. अँब्रोज खुर्चीत चहा पीत होता. त्याची टोपी भिंतीवर टांगलेली होती, जणू म्हातारा राहायला आलाच होता.

"मिस्टर क्राउस, वायरी कुठायत?"

"भिंतीच्या मागं."

"अरे वा. आणि मी कुठून बघू?"

"डार्लीन, चांगल्या ओढल्यात गं. विश्वास ठेव माझ्यावर."

"तुम्ही ठेवला होतात? मी शपथ घेऊन सांगत होते, डब्यात बेडूक नाही म्हणून. तुम्ही अख्खी बस थांबवून म्हणालात, उघडून दाखव."

"होता ना पण बेडूक!"

"म्हणूनच म्हणते, उघडा." तिनं फाईल मिटली. "चार वाजता याच रस्त्यानं परत जाणार आहे. तेव्हा भिंत उघडी दिसली तर बघीन. नाहीतर या बाजूला पुढच्या महिन्यात."

ती गेली. शुक्रवार कुणासाठी थांबणार नव्हता. लॉर्ना म्हणाली, "शेजाऱ्यांना बोलाव की."

"त्यांना काय वाटेल? एवढ्या प्रेमानं लावलीय. तू खिडकीचा पडदा ओढ, मी गुपचूप काढतो."

"व्हर्नन, मी इथंच उभी आहे," मी म्हणाले.

तो दचकला. "वेल्मा! भिंत काय सुंदर झालीय गं!"

"हो ना. इतकी सुंदर की पडदा लावून काढावी लागतेय."

तो भिंतीकडे बघत राहिला. मग सासऱ्याकडे. अँब्रोज कपात बघत होता. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे ज्याला कळतं आणि कळल्याचं दाखवायचं नसतं, तशा माणसासारखा.

"वेल्मा," व्हर्नन म्हणाला, "भिंत लावायला नको होती तुम्ही. मला विचारायला हवं होतं. आता काढायला या."

एवढी तीन वाक्यं बोलून तो घामाघूम झाला.

डेल्बर्ट आला तो बोलतच. "मी म्हणत होतो, आधी विचारू या!" म्हणत होता खरा, हातात ड्रिल घेऊन.

पाट्या भराभर निघाल्या. एक मात्र हलेना. डेल्बर्टनं तिच्यावरची टोपी काढली. खाली खुंटी. खुंटीला बोटीच्या फळ्यांना वापरतात तसला लांबलचक गंजका स्क्रू. तो पाटीतून, लाकडी खांबातून आणि खांबाच्या भोकातून नेलेल्या वायरीतून आरपार गेलेला.

लॉर्ना खुर्चीकडे वळली.

"बाबा?" लॉर्ना म्हणाली.

"तुम्ही सगळे वर चहाला गेला होतात," अँब्रोज म्हणाला. "माणसाला टोपी टांगायला जागा नको? ते तुमचे टिचभर स्क्रू काय धरणार! वाजवून वाजवून खांब शोधला मी." आणि मग हळूच, "बिघडलं का काही?"

"नाही बाबा," व्हर्नन म्हणाला. "बरं झालं, दिसलं."

त्यानं तेवढी वायर काढून नवी ओढली. डार्लीन चार वाजता आली तेव्हा ती भोक पडलेली वायर त्यानं आपण होऊन तिच्या हातात दिली. तिनं ती उजेडात धरली, बोटानं चाचपली.

"भिंत बंद ठेवून वीज सोडली असती तर?"

डेल्बर्टनं खाकरून घेतलं.

मग तिनं बटणांची एकेक डबी, एकेक जोड बॅटरी मारून बघितला. दोन ठिकाणी वायरीला आणखी पट्ट्या ठोकून घेतल्या. व्हर्नन मागं मागं, परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा. शेवटी तिनं सही केली. जाताजाता खिशातली पेन्सिल काढली आणि वायर जात नव्हती अशा एका खांबावर ठळक फुली मारली.

"मिस्टर अँब्रोज, टोपी इथं."

लॉर्नानं लगेच वृद्धाश्रमाला फोन लावला आणि खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. खुर्चीतून आवाज आला, "त्यांना म्हणावं, चहा आम्ही आमच्या वेळेनं पिऊ."

डेल्बर्टनं ड्रिल उचललं. "चला, आत्ताच लावून टाकू परत."

"नको," व्हर्नन म्हणाला. आम्ही सगळे थांबलो. "उद्या या. सकाळी दहाला. आणि डेल्बर्ट, जाकीट खुर्चीवर ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी भिंत लागली, फुलीवर खुंटी आणि खुंटीवर टोपी. आता हिशोब बघायचा तर, भिंत लावून, उतरवून आणि परत लावून आम्ही होतो तिथंच आहोत. बर्फाचं ओझं तसंच आहे. चावडर मात्र आम्ही तिन्ही वेळा खाल्लं.