काकांची ओळ

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, संगणकाच्या खोलीत, औषधांचा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या ताईंना त्यातली ती ओळ तिसऱ्यांदा दिसली.

मुलांच्या वॉर्डात कोणाला किती औषध द्यायचं, त्याच्या चिठ्ठ्या तिथल्या जुन्या मेनफ्रेमवर, म्हणजे रुग्णालयाच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, छापल्या जात. जुन्या वजनकाट्यांसाठी लिहिलेली ती ओळ नव्या काट्यांवरचं वजन दुप्पट धरायची. ताईंनी ती दोनदा स्वतःच्या हाताने काढली होती. तरी आज ती जागच्या जागी होती, आणि तिच्या शेजारी ती मुळात लिहिणाऱ्या, याच खोलीत काम केलेल्या काकांची आद्याक्षरं. काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"तिन्ही वेळा चिठ्ठी माझ्या नजरेला पडली म्हणून बरं," वॉर्डातल्या सिस्टर फोनवर म्हणाल्या. "दर वेळी मीच असेन असं नाही."

खोलीतले सगळे काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे चोरून बघत. शिपायाने तर तिकडे झाडू मारणंच सोडलं होतं.

दुसऱ्या विभागातून बदलून आलेल्या चष्मेवाल्यांनी मात्र विचारलं, "ताई, प्रोग्रॅम कोणी, कधी बदलला, याची नोंद कुठे असते?"

"नोंद कशाला? ज्याची त्याची प्रत असते. काम झालं की मूळ प्रोग्रॅमवर टाकायची. वीस वर्षं असंच चाललंय."

"मग भुताला दार आपणच उघडं ठेवलंय. प्रत्येक बदल नावानिशी जपणारी व्यवस्था आता मेनफ्रेमवरही बसते. बसवून तर बघू."

ताईंनी नाक मुरडलं, पण हो म्हटलं. ओळ पुन्हा काढली गेली.

शुक्रवारी सकाळी ती परत हजर. चष्मेवाल्यांनी नोंद उघडली. बदल काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी झाला होता. पुढचं नाव ताईंनी दोनदा वाचलं. ते त्यांचंच होतं.

दर गुरुवारी ताई चिठ्ठीच्या मथळ्यातली तारीख बदलत, तीही काकांच्या काळातल्या आपल्या प्रतीत. मग ती प्रत मूळ प्रोग्रॅमवर टाकून निवांत घरी जात. थेट मूळ प्रोग्रॅममध्ये केलेली दुरुस्ती तिच्याखाली गाडली जाई.

"म्हणजे भूत मीच होते," ताई हलकेच म्हणाल्या.

त्यांनी आपल्या सगळ्या प्रती सर्वांदेखत पुसल्या आणि सिस्टरना फोन लावला. "चूक माझ्या हातची होती." मग फडकं घेऊन काकांची खुर्चीही पुसली.

वाचकहो, वर्षानुवर्षं चालत आली म्हणून एखादी रीत निर्धोक होत नाही. आपल्या प्रत्येक बदलापुढे आपलं नाव राहू द्या. नाहीतर आपली चूक गेलेल्या माणसाच्या माथी जाते आणि भोगतं कोणाचं तरी पोर.